बोनासेराची फिर्याद : 'द गॉडफादर'मधील सूड आणि कायद्याचा न्याय

मारिओ पूझो यांची 'द गॉडफादर' ही कादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट १९७२ साली पडद्यावर आला. दोन्हींची सुरुवात एकाच माणसाच्या गाऱ्हाण्याने होते. अमेरिगो बोनासेरा हा न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेला इटालियन. मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्याचा धंदा. दोन तरुण त्याच्या मुलीवर हात टाकतात आणि ती प्रतिकार करते म्हणून तिला इतके मारतात की तिचा मोडलेला जबडा तारांनी बांधून ठेवावा लागतो. बाप सरळमार्गी आहे. तो पोलिसांकडे जातो, कोर्टात जातो. कादंबरीचे पहिले पान उघडते ते त्या कोर्टातच. न्यायाधीश आरोपींना कडक शब्दांत झापतो, तीन वर्षांची शिक्षा सुनावतो आणि त्यांची तरुण वये व चांगली घराणी पाहून त्याच दमात ती स्थगित करतो. आरोपी मोकळे होऊन घरी जातात. आता न्याय मागायचा तर माफियाप्रमुख डॉन कॉर्लिओनेकडेच, असे बोनासेरा बायकोला सांगतो.

पहिल्याच गुन्ह्याला शिक्षा स्थगित करणे हे कायद्याला धरूनच आहे; माणूस सुधारावा म्हणून ती सवलत ठेवलेली असते. इथे सवलत मिळते ती घराणे पाहून, आणि जिचा जबडा मोडला तिची त्या निकालात कुठेच दखल नाही. कायदा पीडिताकडून फार मोठी गोष्ट मागून घेतो. तू हात उगारू नकोस, तुझे भांडण आता राज्याचे आहे, असे तो त्याला सांगतो. स्वतःच्याच तंट्यात माणसाने न्यायाधीश होऊ नये, कारण स्वतःवरचे प्रेम आणि मनातला राग निवाडा वाकवतात, हे जॉन लॉकने सतराव्या शतकात मांडले आणि राज्यसंस्था का हवी याचे उत्तर त्यात शोधले. ग्रीक नाटककार इस्किलसने त्याच्याही दोन हजार वर्षे आधी, इ. स. पूर्व ४५८ मध्ये, 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीत हाच प्रश्न रंगभूमीवर आणला होता. बापाच्या खुनाबद्दल मुलगा आईला मारतो, सूडाच्या देवता त्याच्या पाठी लागतात आणि अखेरीस अथीना ज्युरी बसवून खटला चालवते. तिथला सर्वांत शहाणपणाचा भाग निकालानंतर येतो. खवळलेल्या सूडदेवतांना अथीना हाकलून देत नाही. ती त्यांना नगरातच मानाची जागा देते. रागाला घरात जागा न देणारे न्यायालय टिकत नाही, हे इस्किलसला दिसले होते. बोनासेराच्या न्यायाधीशाला ते दिसत नाही, आणि पूझोची सारी कथा त्या चुकीच्या भेगेतून वर येते.

डॉनच्या खोलीतला प्रसंग म्हणूनच बारकाईने वाचावा लागतो. बोनासेरा आरोपींचा जीव मागतो. तुझी मुलगी जिवंत आहे, तेव्हा हा न्याय होणार नाही, असे सांगून डॉन नकार देतो. मुलीने भोगले तेवढे त्यांनीही भोगावे, यावर सौदा ठरतो. काम सोपवताना डॉन बजावतो की माणसे भरवशाची हवीत, मारताना भान सुटणारी नकोत. गुन्ह्याला शोभेल एवढीच शिक्षा आणि ती थंड डोक्याने अमलात आणणारे हात, ही कायद्याचीच दोन तत्त्वे. ती डॉनच्या तोंडी ऐकू येतात आणि कोर्टाने निराश केलेला वाचक मनातल्या मनात पक्ष बदलतो. पूझोची कारागिरी इथे फार वरच्या दर्जाची आहे, आणि वाचकाने सर्वांत सावध राहावे अशी जागाही हीच.

कारण त्याच खोलीत किंमतही ठरते. बोनासेरा पैसे देऊ करतो तेव्हा डॉन दुखावतो. त्याला मैत्री हवी, म्हणजेच मिंधेपण हवे. आजवर हा माणूस त्याच्यापासून चार हात लांब राहिला, पोलिसांवर आणि कोर्टावर विसंबला, हीच डॉनची खरी तक्रार आहे. बोनासेराला 'गॉडफादर' म्हणून हात चुंबावा लागतो आणि कधीतरी एक काम सांगितले जाईल, ते कदाचित सांगितले जाणारही नाही, एवढ्या मोघम शब्दांवर तो आयुष्यभराचा बांधला जातो. न्यायालयात गेलेला नागरिक निकालानंतर कोणाचे देणे लागत नाही; निकाल हा त्याचा हक्क असतो. डॉनच्या दारी मिळते ते दान. पुढे डॉनचा थोरला मुलगा सनी टोलनाक्यावर गोळ्यांनी चाळण होऊन पडतो आणि हे देणे वसूल होते. त्याच्या आईला चेहरा पाहवेल इतपत ते प्रेत सावरून देण्याचे काम बोनासेराच्या वाट्याला येते. हाक येते तेव्हा आपल्याला एखाद्या खुनात ओढले जाणार, या भीतीने तो गारठून गेलेला असतो. मुलीच्या अपमानाच्या भरपाईची किंमत त्याला या भीतीच्या रूपात मोजावी लागते.

डॉनची ही व्यवस्था कोर्टाच्या नालायकीवर उतारा म्हणून उभी राहिली, असा समज कथा वाचताना होतो. कथेतलेच पुरावे त्याच्या उलट आहेत. अमली पदार्थांच्या व्यापाराचा प्रस्ताव घेऊन सोलोझो येतो, तेव्हा त्याला भांडवलाइतकीच डॉनच्या ताब्यातल्या न्यायाधीशांची आणि राजकारण्यांची गरज असते. नंतर माफिया घराण्यांच्या बैठकीत प्रतिस्पर्धी घराण्याचा प्रमुख बार्झिनी हीच तक्रार उघड करतो : हे सारे लोक डॉनने स्वतःच्या खिशात ठेवले, इतरांना वाटून दिले नाहीत. बोनासेराला ज्या प्रकारच्या न्यायाधीशाने निराश केले, त्या प्रकारचे न्यायाधीश डॉन स्वतः विकत घेतो. पोलीस कप्तान मॅकक्लस्की हा दुसऱ्या बाजूने विकत घेतलेला तसाच माल. म्हणजे न्यायालय पोखरायचे आणि त्या पोखरलेल्या न्यायालयाबाहेर उभ्या असलेल्या दुखावलेल्या माणसाला आसरा द्यायचा, ही एकाच धंद्याची दोन अंगे आहेत. डॉन कॉर्लिओनेच्या सगळ्या भारदस्तपणाखाली हे सत्य आहे आणि त्याच्याबद्दलचा कोणताही निवाडा इथूनच सुरू व्हायला हवा.

खासगी सूडाला शेवट असतो का, हा प्रश्न कथेच्या उत्तरार्धात येतो. वडिलांवर गोळ्या झाडवणारा सोलोझो आणि त्याला सामील असलेला मॅकक्लस्की यांना डॉनचा धाकटा मुलगा मायकेल एका रेस्टॉरंटमध्ये मारतो आणि सिसिलीला पळतो. सनी जातो. मग डॉन सर्व घराण्यांची बैठक बोलावतो आणि मुलाच्या खुनाचा सूड घेणार नाही, असा शब्द देतो. हा प्रसंग एरवी सूडापलीकडे गेलेल्या बापाचा वाटला असता. पण मायकेलला परत आणण्यासाठी कादंबरीत एक व्यवहार होतो : दुसऱ्या खुनांसाठी आधीच मृत्युदंड झालेला फेलिक्स बोक्किक्किओ हा माणूस मॅकक्लस्की आणि सोलोझो यांना आपणच मारल्याचा कबुलीजबाब देतो, त्याच्या कुटुंबाची सोय लावली जाते आणि सरकारी दप्तरात प्रकरण मिटते. चित्रपटात हा भाग नाही, आणि तो गाळल्याने चित्रपटाचे नुकसान झाले आहे. खासगी न्याय कायद्याच्या बाहेर राहून थांबत नाही, कायद्याच्या तोंडून खोटेही वदवून घेतो, हे त्या एका कबुलीजबाबाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आल्बर्ट नेरीची उपकथाही कादंबरीतच वाचायला हवी. तो मुळात पोलीस. एका मुलीला चाकूने जखमी करणाऱ्या दलालाला तो संतापाच्या भरात टॉर्चने मारून टाकतो. न्यायालय त्याला तुरुंगवास सुनावते, कॉर्लिओने घराणे आपले वजन वापरून त्याला सोडवते आणि तो मायकेलचा सर्वांत निष्ठावान मारेकरी होतो. हाच नेरी शेवटी पोलिसाच्या गणवेशात बार्झिनीला मारतो. कोपोला यांनी हा खून न्यायालयाच्या पायऱ्यांवर चित्रित केला आहे. त्या दिवशी मायकेल चर्चमध्ये बहिणीच्या मुलाचा धर्मपिता होत असतो, सैतानाचा त्याग करतो का या प्रश्नाला होकार देत असतो आणि बाहेर एकेक प्रतिस्पर्धी मरत असतो. डॉनने दिलेला शब्द त्याच्या मृत्यूबरोबर संपला. सूड सोडला नव्हता, पुढे ढकलला होता.

संध्याकाळी बहिणीचा नवरा कार्लो याची पाळी येते. सनीला सापळ्यात ओढले याची कबुली मायकेल त्याच्याकडून काढून घेतो, बहिणीला विधवा करणार नाही असे सांगतो, हातात विमानाचे तिकीट देतो. गाडीत बसताच कार्लोचा गळा आवळला जातो. आरोप, जबाब, निकाल, सारे त्या घरात मिनिटांत उरकले. कार्लो दोषी होताच. पण तो निर्दोष असता तर ते कोणी, कधी, कसे सांगितले असते, याची सोयच या न्यायात नाही. चित्रपटाच्या १९७४ सालच्या दुसऱ्या भागात हा तर्क टोकाला जातो आणि मायकेल सख्ख्या भावाला, फ्रेडोला, मारवतो. कुटुंबासाठी सुरू झालेला सूड कुटुंबातच येऊन पोचतो.

या कथेची पकड किती दूरवर गेली ते मराठी प्रेक्षकाला ठाऊक आहे. राम गोपाल वर्मा यांचा 'सरकार' (२००५) हा मुंबईतल्या सुभाष नागरे या मराठी नायकाचा चित्रपटही, बलात्कारित मुलीचा बाप दाद मागायला येतो, तिथूनच सुरू होतो. शहर बदलले तरी फिर्याद ओळखीची वाटते, याचे कारण रेंगाळणाऱ्या कोर्टाचा अनुभव आहे.

पूझोने ज्या सिसिलीची पार्श्वभूमी घेतली, तिथला इतिहास याच दिशेचा आहे. तिथे १८१२ साली सरंजामशाही कायद्याने संपली, १८६१ साली बेट इटलीच्या राज्यात आले, पण नव्या राज्याची पोलीसयंत्रणा आणि न्यायालये जनतेचा विश्वास मिळवू शकली नाहीत. १८७६ साली पाहणी करणाऱ्या लिओपोल्दो फ्रान्केत्तीने तिथल्या हिंसेला एका उद्योगाच्या रूपात ओळखले. विसाव्या शतकाच्या अखेरीस समाजशास्त्रज्ञ दिएगो गाम्बेत्ता याने मांडले की माफिया संरक्षण विकतो, आणि ज्या समाजात अविश्वास आहे तिथेच हा माल खपत असल्याने तो अविश्वास टिकवणे त्याच्या हिताचे असते. डॉन आणि बोनासेरा यांचे नाते यापेक्षा नेमके सांगता येणार नाही.

कथेचे उलटे टोकही सिसिलीतच सापडते. तोम्मासो बुशेत्ता हा पालेर्मोच्या माफियातला मोठा माणूस. कॉर्लिओने गावातून वर आलेल्या तोतो रीना याच्या टोळीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या युद्धात त्याचे दोन मुलगे आणि अनेक नातेवाईक संपवले. सूड घेण्याची ताकद बुशेत्तापाशी उरली नव्हती. १९८४ साली तो न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यासमोर बसला आणि बोलू लागला. बोनासेरा कोर्टातून डॉनकडे गेला होता. बुशेत्ता डॉनच्या जगातून न्यायाधीशाकडे आला. त्याचा राग शमला नव्हता, पण आता तो साक्षीच्या रूपात नोंदला जात होता, उलटतपासणीला सामोरा जात होता. १९८२ साली इटलीने माफिया संघटनेचा सदस्य असणे हाच गुन्हा ठरवला होता, त्यामुळे एकेक सुटा खून सिद्ध करण्यात अडकून पडण्याची गरज राहिली नाही.

पालेर्मोच्या उच्चिआर्दोने तुरुंगालगत बांधलेल्या खास न्यायालयात फेब्रुवारी १९८६ ते डिसेंबर १९८७ माफियाविरुद्धचा महाखटला चालला. आरोपी पावणेपाचशेच्या आसपास होते. त्यांतले सव्वातीनशेहून अधिक दोषी ठरले आणि शंभरावर निर्दोष सुटले. या दुसऱ्या आकड्याचे मोल पहिल्याहून कमी नाही : सोडता येते म्हणूनच ते न्यायालय. सुटलेल्यांपैकी आंतोनीनो चिउल्ला याचा त्याच सुमारास घरी परतताना खून झाला. माफियाने आपला निकाल वेगळा दिला होता.

जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्या. २३ मे रोजी फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षक स्फोटात मारले गेले. १९ जुलैला त्यांचे सहकारी पाओलो बोर्सेल्लिनो. फाल्कोने यांच्या अंत्यविधीत एका अंगरक्षकाच्या तरुण विधवेने सगळ्यांसमोर मारेकऱ्यांना क्षमा देऊ केली, पण त्यांनी गुडघे टेकावेत आणि बदलावे या अटीवर. रीना १५ जानेवारी १९९३ रोजी पालेर्मोत पकडला गेला. त्याला वकील मिळाले, अपिलाचा हक्क मिळाला, फाल्कोने यांच्या खुनासह अनेक खटल्यांत जन्मठेप झाली. इटलीच्या १९४८ सालच्या संविधानाने शांतताकाळात मृत्युदंड ठेवलेला नव्हता. रीना १७ नोव्हेंबर २०१७ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, पार्मा येथे कैदेत असतानाच मरण पावला.