दारावर उभा राहणारा माणूस

कोवलम म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांना केरळ आठवेल. मी सांगतोय ते कोवलम वेगळं. चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने महाबलीपुरमकडे निघालात की साधारण चाळीस किलोमीटरवर हे कोळ्यांचं गाव लागतं. एक दर्गा आहे, एक चर्च आहे आणि वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या आहेत. इथे एक किल्लाही होता. १७५२ साली क्लाइव्हने तो फ्रेंचांकडून घेतला. आता त्या किनाऱ्यावर रिसॉर्ट आहेत. अशाच एका ठिकाणच्या क्लबात मी काही वर्षं नोकरी केली. क्लबाचं नाव सांगणार नाही, कारण त्याने काहीच फरक पडत नाही.

माझं काम दारावरचं. मूळचा मी मालवणचा, घर गाबितांचं, शिक्षण हॉटेल मॅनेजमेंटचं. शनिवारी रात्री आठ वाजता काळा कोट घालून, हातात यादी घेऊन मी उभा राहायचो. मागे संगीत, निळे दिवे, समुद्राकडे उघडणारा डान्स फ्लोअर. पुढे गाड्यांची रांग. लोकांना वाटतं अशा क्लबातली रात्र म्हणजे आत काय चालतं ते. माझं मत वेगळं आहे. खरी रात्र दारावर घडते.

आधी हे दार चालतं कसं ते सांगतो. तमिळनाडूत सभासदांच्या क्लबाला मद्याचा वेगळा परवाना असतो. एफएल-२ म्हणतात त्याला. तो सभासदांसाठी असतो, रस्त्यावरून आलेल्या कुणासाठीही नाही. म्हणून दारात रजिस्टर. सभासदाने पाहुण्याचं नाव लिहायचं, सही करायची. आत पाहुण्याने पैसे काढले तरी कुणी घेत नाही, बिल सभासदाच्याच खात्यावर. पाहुण्याने गोंधळ घातला तर जबाब सभासदाने द्यायचा. यात मला काही चुकीचं वाटत नाही. चार माणसं वर्गणी काढून जागा चालवतात, तर तिथे कोण येणार हे त्यांनी ठरवावं.

पण क्लबाच्या दाराला दोन कुलपं असतात. पहिलं कुलूप विचारतं, ‘तुम्ही सभासद आहात का, किंवा कुणाचे पाहुणे आहात का?’ दुसरं कुलूप विचारतं, ‘तुम्ही आमच्यासारखे दिसता का?’ पहिलं रजिस्टरात लिहिलेलं असतं. दुसरं बहुतेक वेळा नजरेत असतं.

हे दुसरं कुलूप जुनं आहे. मद्रास क्लब १८३२ साली सुरू झाला. पुढची शंभराहून जास्त वर्षं तिथे हिंदी माणूस सभासद होऊ शकत नव्हता. म्हणून १८७३ मध्ये इथे कॉस्मोपॉलिटन क्लब निघाला, हिंदी माणसालाही बसता यावं म्हणून. मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला, तोही हिंदी लोकांना घेणारा. आणि त्याच विलिंग्डन क्लबने १९८८ मध्ये चित्रकार हुसेन यांना परत पाठवलं, कारण ते अनवाणी होते. बघा, ज्याच्यासाठी दार उघडलं तोच नंतर दारावर उभा राहिला.

पुण्याचं उदाहरण तर आपल्या घरचं. पाळवणकर बाळू, चांभार समाजातला मुलगा, इंग्रजांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचा. साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्याला खेळायला घेतलं. मैदानावर सगळे एकत्र, आणि चहाच्या वेळी बाळूला पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. त्याच बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले. मैदान सगळ्यांना दिसतं, म्हणून तिथलं दार आधी उघडलं. चहाच्या टेबलाचं उघडायला फार वेळ लागला.

आता कोवलमची ती रात्र. डिसेंबरमधला शनिवार होता, सभासदांची खास रात्र. साडेनऊच्या सुमारास एक तरुण सभासद आला. जहाजावरचा इंजिनिअर, शिकून पुढे आलेला, याच किनाऱ्यावरच्या घरातला. सोबत वडील होते. पांढरी वेष्टी, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, पायात चपला. रजिस्टरात नाव होतं, सही होती. पहिलं कुलूप उघडलं होतं.

तेवढ्यात मागून आमच्या कमिटीतले एक गृहस्थ आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “ड्रेस कोड आहे ना आपला? पँट, बूट. त्यांना सांग, बाहेर लॉनवर बसा, जेवण तिकडे पाठवू.” आवाज अगदी सभ्य. अशी वाक्यं नेहमी सभ्य आवाजातच येतात.

मला एक गोष्ट ठाऊक होती. ११ जुलै २०१४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंधामन चेपॉकला क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात एका पुस्तक प्रकाशनाला गेले होते. वेष्टी नेसलेले म्हणून त्यांना दारातून परत पाठवलं. राज्यभर संताप झाला. ऑगस्टमध्ये विधानसभेने कायदाच केला. वेष्टी किंवा पारंपरिक पोशाख घातला म्हणून क्लबाने, हॉटेलाने, थिएटरने कुणाला अडवलं, तर एक वर्षापर्यंत कैद, पंचवीस हजारांपर्यंत दंड, शिवाय परवान्यावर गदा. न्यायमूर्तींना अडवलं तेव्हा कायदा झाला. त्याआधी किती जण मुकाट्याने घरी गेले असतील!

मी त्या गृहस्थांना म्हणालो, “सर, लॉनवर बसवलं तर तेही अडवणंच झालं. २०१४ चा कायदा आहे. परवाना आपला जाईल.” ते म्हणाले, “आणि चपला?” मी म्हणालो, “सर, वेष्टीवर बूट कोण घालतं?” ते काही बोलले नाहीत. मी वळलो, दार उघडलं आणि म्हणालो, “वांग अय्या.” या, आजोबा.

आत काय झालं? काहीही नाही. छत कोसळलं नाही, संगीत थांबलं नाही. ते डान्स फ्लोअरच्या कडेला समुद्राकडे तोंड करून बसले. लिंबू सोडा मागवला. मी मध्ये एकदा विचारपूस करायला गेलो, तर वाळूकडे बोट दाखवून म्हणाले, “तंबी, इथे आम्ही जाळी वाळवायचो.” तक्रार नव्हती त्यात, माहिती होती. मला मालवणचा किनारा आठवला, माझ्या आजोबांची जाळी आठवली, आणि माझा काळा कोट जरा घट्ट वाटायला लागला.

सकाळी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी चार ओळी लिहिल्या, सोबत कायद्याची प्रत जोडली. नोकरी राहिली. महिन्याभराने दारावरचा ड्रेस कोडचा बोर्ड बदलला, त्यात ‘भारतीय पारंपरिक पोशाख’ हे शब्द आले. एवढंच. क्रांती वगैरे काही नाही. पण पुढच्या आजोबांसाठी दारावरच्या पोराला वाद घालावा लागणार नाही.

याच कोवलममध्ये मूर्ती मेगवन नावाचे एक गृहस्थ आहेत, कोळ्याच्या घरातले. त्यांनी गावातल्या पोरांना सर्फिंग शिकवलं आणि हा किनारा देशभर माहीत झाला. लाटेवर उभं राहायला त्या पोरांना कुणाची सही लागली नाही.

तुम्ही म्हणाल, आमचा नाइटक्लबशी काय संबंध? तुमच्या सोसायटीची लिफ्ट आठवा. घरकामाच्या ताईंनी कुठली लिफ्ट वापरायची, हे कुणी ठरवलं? डिलिव्हरीचा मुलगा कुठे थांबतो? परप्रांतातल्या आपल्या मंडळात, सभासद असूनही, कुणाला पहिल्या रांगेत बसवतात आणि कुणाला खुर्च्या मांडायला सांगतात? यादी कधी ना कधी आपल्याही हातात येते. तेव्हा नियम जरूर पाळा, रजिस्टर जरूर बघा. फक्त समोरच्या माणसाला थांबवण्याआधी स्वतःला विचारा, मी याला नियमामुळे थांबवतोय, की त्याच्या चपलांमुळे? उत्तर चपला असेल, तर दार उघडा.