पेवातला कंदील आणि कार्बनची नळी

(हैदराबाद येथे मराठीचे अध्यापक आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे पेव म्हणजे काय हे इथल्या अनेकांना सांगायला नको. पेव उघडले की जाणती माणसे लगेच आत उतरत नसत. आधी कंदील सोडत. तो विझला तर थांबत. साठवलेल्या धान्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू सरतो आणि कार्बन डायऑक्साइड भरतो.

शहरातल्या मॅनहोलमध्ये हाच कंदील फसवतो. तिथला मारेकरी बहुधा हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर नासक्या अंड्यासारखी घाण येते. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होते. उतरलेल्याला वाटते, वास गेला, हवा सुधारली. कंदीलही जळतच राहतो, कारण प्राणवायू पुरेसा असू शकतो. आणि मिथेन असेल तर उघडी ज्योत म्हणजे स्फोटच.

म्हणून नाकाऐवजी दुसरे काही हवे. धातूच्या ऑक्साइडचे संवेदक स्वस्त असतात, पण त्यांतले बरेच दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात. बॅटरी त्यातच संपते. कार्बन नॅनोनळी म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्याची सुरळी, व्यास साधारण एक नॅनोमीटर. तिचे सगळे अणू पृष्ठभागावरच असतात, त्यामुळे वायूचे रेणू चिकटले की तिच्यातून वाहणारी वीज बदलते. २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजी दाई यांच्या गटाने हे खोलीच्या तापमानाला दाखवले: नायट्रोजन डायऑक्साइडने रोध घटतो, अमोनियाने वाढतो. अशा नळ्यांची शाई करून प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर छापता येते. पट्टी वाकली तरी काम करते, म्हणजे ती कामगाराच्या बाहीवरही बसेल.

अडचणी आहेतच. दमट हवेत ही नळी चुकते, आणि गटारात कोरडी हवा कुठली? वायू निघून गेल्यावरही ती सावकाश मूळपदावर येते. नेमका कोणता वायू आहे हे तिला एकटीला कळत नाही. सल्फाइडसाठी तिच्यावर सोन्याचे सूक्ष्म कण बसवून पाहतात.

आता आपल्या कामाचे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झाले. त्यासाठी इथे दारुल तर्जुमा होते आणि तिथे शास्त्रांसाठी शब्द घडवले गेले, वर्गात वापरायला. मला शब्द हवे आहेत ते मॅनहोलच्या तोंडाशी. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी आहे; तरी माणसे उतरवली जातात. उद्या बाहीवरच्या पट्टीने इंग्रजी अक्षरे आणि 'वीस' हा आकडा दाखवला, तर त्याचे त्याने काय करायचे?

मी वर्गात या पट्टीसाठी सूचना लिहायला सांगितली. बहुतेकांनी 'वायूची पातळी धोकादायक आहे' असे लिहिले. एका मुलीने लिहिले, 'वास येईनासा झाला की लगेच वर या.' मागून एकजण म्हणाला, वर उभा असलेला मुकादम 'या' म्हणत नाही, 'ये' म्हणतो. तास त्यातच गेला. फळ्यावर दोन्ही राहिले.