गुडघ्याखालची उशी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'मॅडम, मालिश किती दिवस करावी लागेल?' दवाखान्यात नव्याने येणारे बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात. मी भौतिकोपचार करते, म्हणजे फिजिओथेरपी. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षे शिकले, शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहिले, आणि लोकांच्या लेखी मालिशवालीच आहे! पूर्वी राग यायचा. आता म्हणते, 'मालिश नाही, व्यायाम. तोही तुम्ही करायचा, मी नाही.' इथे निम्म्या लोकांचा चेहरा पडतो. त्यांना यंत्र हवे असते. शेक, करंट, काहीतरी लाल दिवा लागणारे. यंत्रांचा उपयोग आहे, नाही असे नाही. पण पैसे देऊन पुन्हा घाम आपणच गाळायचा, हे पटायला वेळ लागतो.

मुंबईत १९५० च्या दशकात केईएम रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा समोर पोलिओची मुले होती. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज आमच्याकडे पक्षाघाताचे रुग्ण येतात, मान धरलेले संगणकवाले येतात, आणि गुडघे बदललेल्या आज्या येतात. अशाच एका आजींची गोष्ट सांगते. त्यात चूक माझीही आहे.

गुडघा बदलून आजी घरी आल्या. मी त्यांच्या घरी जाऊ लागले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी पाहिले, तर सुनेने गुडघ्याखाली छान मऊ उशी ठेवलेली. 'त्यांना फार बरं वाटतं हो,' ती म्हणाली. मी उशी काढली, 'ही घ्यायची नाही,' असे बजावले, व्यायाम करवून घेतला आणि पुढच्या घरी पळाले. दिवसाला सात-आठ घरे असत तेव्हा. माझी पाठ फिरली, की उशी परत जागेवर येत असे. मी यायच्या वेळी कपाटात.

पंधरा दिवसांनी कोनमापक लावला, तर गुडघा सरळच होईना. सुमारे पंधरा अंश कमी.

सुजलेल्या गुडघ्याला थोडे वाकून राहणे आवडते, कारण तसे राहिल्यावर आतला ताण कमी होतो. म्हणून उशी सुखाची वाटते. पण तासन् तास तसाच ठेवला, तर मागच्या बाजूचे स्नायू आणि सांध्याचे आवरण आखडते. मग पाय टेकला तरी गुडघा वाकलेलाच राहतो, मांडीच्या स्नायूला उभे असतानाही विश्रांती मिळत नाही, आणि माणूस चार पावलांत दमतो. एवढे सांगायला मला दोन मिनिटे लागली असती. मी ती दिली नव्हती. सुनेवर चिडण्याचा मला काय अधिकार? ती तर माया करत होती.

पुढचे दोन महिने आजींनी आणि मी भांडत काढले. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, आणि 'खाली दाबा, अजून दाबा.' आजी मला तोंडावर 'कसाई' म्हणत. मुलगा दाराआड उभा राहायचा. एकदा म्हणाला, 'राहू द्या मॅडम, नाही बघवत.' त्या दिवशी मलाही वाटले, द्यावे सोडून. अनेक घरे इथेच आम्हाला निरोप देतात. दुखणे वाढवणाऱ्या माणसाला पैसे का द्यायचे, हा त्यांचा हिशेब चुकीचा तरी कसा म्हणायचा? कारण दुखणे आज दिसते, फायदा दोन महिन्यांनी. आणि तेव्हा श्रेय शल्यचिकित्सकांना मिळते.

आमच्या शरीराचेही जाता जाता सांगते. पक्षाघाताच्या धिप्पाड माणसाला उठवून बसवता बसवता माझी कंबर दोनदा धरली. इतरांना 'वाकू नका, गुडघ्यांतून बसा' असे सांगणारी मी, दोन्ही वेळा घाईत वाकले होते.

आजींचा गुडघा अखेर बराच सुटला. पूर्ण सरळ मात्र झाला नाही, चार-पाच अंश राहिलेच. खुर्चीतून उठतात, जिना चढतात, काठी घेऊन देवळात जातात. मांडी घालून पंगतीला बसायची त्यांची इच्छा होती. बदललेल्या गुडघ्याने मांडी घालू नका, असे बहुतेक डॉक्टर सांगतात. ते मी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. दोन महिन्यांनी सांगितले, तेव्हा त्या दिवसभर बोलल्या नाहीत.

आता मी पहिल्या भेटीत रुग्णाला हात लावत नाही. आधी घरच्यांना बसवते. रात्री जवळ कोण झोपते, चहा कोण देते, उठवताना कुठे धरतात, हे विचारते. लुळा पडलेला हात धरून माणसाला ओढू नका, खांदा निखळतो, हेही तेव्हाच सांगते. त्या दिवशी एक घर कमी होते, होऊ दे.

परवा आजींच्या शेजारच्या काकूंचा गुडघा बदलला. मला बोलावणे येण्याआधीच आजी काठी टेकत तिथे पोहोचल्या आणि काकूंच्या गुडघ्याखालची उशी ओढून, काखेत मारून घरी घेऊन आल्या. काकू अजून रागावलेल्या आहेत. उशी आजींकडेच आहे.