पुलावरून पाणी, तर गाडी अलीकडंच

आम्ही दोघी जावा, पूर्णा तालुक्यातल्या एका गावच्या. पाऊस लागला की आम्हाला एक प्रवास आठवतो. त्यात आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. ती तुम्हाला सांगायला आज आलो आहोत.

तारीख होती १ सप्टेंबर २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी पोळा. आम्ही नांदेडला नणंदेकडं गेलो होतो. घरच्या जुन्या जीपमध्ये आम्ही दोघी, दोघींचे मालक, आत्याबाई आणि तीन लेकरं. बैलांसाठी गोंडे, घुंगरमाळा, बेगड घेतलेलं. घरी मामा एकटे. संध्याकाळी खांदेमळणी करायची होती, म्हणून निघायची घाई.

वसमत सोडलं आणि पावसानं गाठलं. झिरो फाटा येईपर्यंत भरदिवसा अंधारून आलं. तिथून गावाच्या रस्त्याला लागलो. घर चार किलोमीटरवर राहिलं आणि ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहताना दिसलं.

गाडी बापू चालवत होते, म्हणजे आमच्यातल्या धाकटीचे मालक. ते म्हणाले, "गुडघाभर तर पाणी आहे. आत्ताच ट्रॅक्टर गेलं पलीकडं."

आम्ही मागं बसलेल्या. दोघींच्या पोटात गोळा आला, पण तोंडातून शब्द निघेना. गाडी चालवणाऱ्याच्या मधे बायांनी बोलू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. खरं सांगतो, आधी आम्ही गप्पच बसलो. गाडीनं पहिला गिअर घेतला. आम्ही एकमेकींकडं पाहिलं आणि एकदमच बोललो, "थांबवा. लेकरांना घेऊन आम्ही उतरतो."

बापू चिडले. "भ्याल्या का?"

आत्याबाई म्हणाल्या, "व्हय, भ्याल्यात. मी बी भ्यालेय. फिरीव गाडी."

गाडी फिरली. मागच्या गावात बचत गटातल्या एका ताईंनी ओळख ना पाळख, आम्हा आठ जणांना घरात घेतलं. पिठलं-भाकरी केली, लेकरांना कोरडे कपडे दिले. रात्रभर पाऊस, सोमवारीही पाऊस. पोळा मामांनी एकट्यानं गोठ्यातच केला. आमचे गोंडे पिशवीतच राहिले. त्याचं वाईट वाटलं. बापू दोन दिवस आमच्याशी नीट बोलले नाहीत.

मंगळवारी पाणी उतरलं. पुलावर गेलो तर उजव्या अंगाचा भराव वाहून गेलेला. बैलगाडी बसेल एवढा खड्डा. रविवारी वरून पाणी सगळीकडं सारखंच दिसत होतं. बापू बराच वेळ खड्ड्याकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, चाक इथंच गेलं असतं."

त्याच रविवारी शेजारच्या तेलंगणात, महबूबाबाद जिल्ह्यात, हैदराबादच्या विमानतळाकडं निघालेले एक वडील आणि त्यांची तरुण कृषी शास्त्रज्ञ लेक कारसकट पुराच्या पाण्यात वाहून गेले. दोघंही वाचले नाहीत. पुढं ती बातमी ऐकली तेव्हा आमच्या अंगावर काटा आला.

बायांनो, पाण्याचा जोर डोळ्यांना कळत नाही. हजार लिटरची टाकी भरली की तिच्यातलं पाणीच हजार किलो भरतं. ओढ्यात अशा कितीतरी टाक्या एकामागोमाग अंगावर येत असतात. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचा पाय निसटतो. एक फूट पाणी लहान गाडी ओढून नेऊ शकतं, आणि दोन फुटांत जीपसारखी गाडीही वाहून जाते. गाडी पाण्यावर तरंगायला लागली की टायर जमिनीला धरत नाहीत. मग स्टिअरिंग आणि ब्रेक असून नसल्यासारखे.

"ट्रॅक्टर गेलं" हेही खरं धरू नका. ट्रॅक्टर उंच आणि जड असतं, आणि ते गेल्यावर पाणी किती चढलं हे कोण सांगणार? आपली काळी जमीन एकदा भिजून फुगली की पाणी मुरत नाही, सरळ ओढ्याला धावतं. आपल्याकडं उघडीप असली तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की ओढा चढतो.

म्हणून निघायच्या आधी हवामानाचा इशारा बघा. पिवळा असेल तर सावध राहा, नारंगी असेल तर तयारीत राहा, लाल असेल तर प्रवास पुढं ढकला. विजेसाठी फोनमध्ये 'दामिनी' ॲप ठेवा. कडकडाट सुरू झाला तर झाडाखाली उभं राहू नका, काचा लावून गाडीतच बसा. सोबत धपाटे, पाणी, बॅटरी, म्हाताऱ्या माणसांची औषधं आणि चार्ज केलेला फोन असू द्या. अडचण आली तर ११२ लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आमच्या गटानं त्यानंतर दोन कामं केली. ग्रामसभेत अर्ज दिला, की फरशी पुलाच्या दोन्ही तोंडांना फुटांच्या खुणा केलेले खांब रोवावेत आणि पूर आला की दोर बांधून रस्ता अडवावा. आणि आपसात एक ठरवलं. पुलावरून पाणी दिसलं, की गाडीतल्या कुणीही "थांबा" म्हणायचं. म्हणणारी सून असो, सासू असो, की सातवीतलं लेकरू. त्यावर वाद घालायचा नाही, आणि नंतर टोमणाही मारायचा नाही.

पोळा दरवर्षी येतो. गेल्या वर्षी ते गोंडे आम्ही बैलांना बांधले. बांधताना बापूंनीच ती पिशवी आणून दिली.

तुमच्या गावच्या ओढ्यावर काय व्यवस्था आहे, ते पुढच्या बैठकीत विचारा. आणि पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा आमची आठवण ठेवा. राम राम.