फोटोची मागची बाजू

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला भाषणाची सवय नाही. शाळेत असताना मी एकदाच व्यासपीठावर चढलो होतो, तेही माइकची वायर जोडायला. आज मला बोलायला उभं केलंय, कारण या मेळाव्याचे फोटो गोळा करायचं काम माझ्याकडे होतं आणि त्यात मी एक मोठा घोटाळा केला. आयोजक मित्र म्हणाले, "भो, तू केलं काय ते सगळ्यांना सांग. म्हणजे घरी कोणी तसं करणार नाही." म्हणून सांगतो.

मी काही कॉम्प्युटरचा इंजिनिअर नाही. नाशिकला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पण आपल्या ग्रुपवर ज्याला एक्सेल येतं तो कॉम्प्युटरवाला, या हिशेबाने काम माझ्या गळ्यात पडलं. तीन महिने फोटो येत होते. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, कोणी पेनड्राइव्ह दिला, कोणी स्टुडिओत अल्बम स्कॅन करून घेतला. एकाने तर भिंतीवरच्या फ्रेमचाच फोटो काढला. त्यात आपल्या वर्गापेक्षा त्याच्या घरातली ट्यूबलाइट जास्त दिसते.

ज्याने पाठवले त्याच्या नावाचं एक फोल्डर, असे एकोणीस फोल्डर झाले. आत मात्र नावांचा आनंद होता. मोबाइलमधून आलेल्या फोटोचं नाव 'आयएमजी' आणि पुढे चार आकडे. कॅमेऱ्यातल्याचं 'डीएससी' आणि पुढे चार आकडे. हे आकडे चारच असतात, ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरू. म्हणजे तुझ्या मोबाइलमधला २०३४ आणि माझ्या मोबाइलमधला २०३४, नाव एकच, फोटो वेगळे. स्कॅनरवाल्याकडचे 'स्कॅन ००१', 'स्कॅन ००२'. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या नावात तारीख असते, पण ती फोटो काढल्याची नव्हे, आल्या-गेल्याची. आपल्या दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोवर मागच्या ऑगस्टची तारीख!

एके रात्री मी ठरवलं, आज हे सगळं नीट लावायचं. एकोणीस फोल्डरमधले सगळे फोटो उचलून एका नव्या फोल्डरमध्ये टाकले. कॉपी केले नाहीत, सरळ कट-पेस्ट. मध्येच कॉम्प्युटर विचारू लागला, या नावाची फाइल आधीच आहे, बदलून टाकू का? झोप आली होती. मी 'रिप्लेस' दाबत गेलो. मग सगळे फोटो निवडले, एफ-२ दाबलं, 'स्नेहमेळावा' असं टाइप केलं आणि एंटर. बघता बघता अकराशेच्या वर फोटो एका रांगेत उभे राहिले. स्नेहमेळावा कंसात एक, कंसात दोन, कंसात तीन... प्रार्थनेला उभं राहिल्यासारखे. मला फार बरं वाटलं. कॉम्प्युटर बंद केला आणि झोपलो.

सकाळी स्टोअरमधल्या सवयीने वहीतला आकडा पडताळला. प्रत्येक फोल्डरमध्ये किती फोटो ते मी आधी लिहून ठेवलं होतं. बेरीज ११६२. नव्या फोल्डरमध्ये ११३९. तेवीस फोटो कमी! 'रिप्लेस' म्हणजे काय ते तेव्हा डोक्यात शिरलं. एकाच नावाचा दुसरा फोटो आला की पहिला पुसून त्याच्या जागी हा बसतो. दोघांनी एकाच खुर्चीसाठी भांडावं आणि पहिल्याला उचलून बाहेर ठेवावं, तसं.

पण खरं नुकसान त्या तेवीस फोटोंचं नव्हतं.

आपला एक मित्र आज आपल्यात नाही. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे मी कोणाबद्दल बोलतोय. तिसऱ्या बाकावर बसायचा, अक्षर मोत्यासारखं, फळ्यावर सुविचार तोच लिहायचा. त्याच्या मुलीने वडिलांच्या अल्बममधले त्रेचाळीस फोटो पाठवले होते. त्याला एक सवय होती. प्रत्येक फोटोच्या मागे तो पेनाने लिहून ठेवायचा, डावीकडून कोण कोण, कुठे, कोणत्या दिवशी. स्कॅनमध्ये मागची बाजू येत नाही, म्हणून त्या मुलीने मागचा मजकूर वाचून प्रत्येक फाइलला नाव म्हणून टाइप केला होता. त्रेचाळीस फाइली, एकेक हाताने. आणि मी एका एंटरमध्ये त्याचं 'स्नेहमेळावा कंसात ६१२' करून टाकलं. कोणते फोटो त्याचे, हेही आता कळेना, कारण फोल्डरचं नावही गेलं होतं.

कोणी म्हणेल, कंट्रोल झेड दाबायचं. खरं आहे, नावं बदलल्या बदल्या दाबलं असतं तर परत आली असती. पण मी कॉम्प्युटर बंद करून झोपलो होतो. सकाळी त्याला रात्रीचं काही आठवत नव्हतं.

मी त्या मुलीला फोन केला. खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, अल्बम घरीच आहे. तुम्ही इकडे आलात तर आपण दोघं मिळून करू." पुढच्या रविवारी मी जामनेरला आलो. तिने एकेक फोटो अल्बमच्या कोपऱ्यांतून सोडवला, मी आधी पुढची बाजू स्कॅन केली, मग मागची. पीजे गाडीच्या दारात लोंबकळणारी आपली टोळी आठवते? पाचोऱ्याची ती छोटी गाडी आता धावत नाही. त्या फोटोच्या मागे सहा नावं, तारीख, आणि खाली लिहिलंय, 'तिकीट फक्त दोघांकडे.' हा मजकूर पुढच्या बाजूला कुठेच दिसत नाही. त्या दिवशी मला कळलं, फाइलचं नाव म्हणजे फोटोची मागची बाजू. आणि मी त्रेचाळीस फोटोंची मागची बाजू खरवडून टाकली होती.

तेवीस फोटोंसाठी सगळ्यांना पुन्हा मागणी केली. एकोणीस आले. चार आले नाहीत. ते कोणते होते हेही मला सांगता येत नाही, कारण त्यांचं काहीच उरलं नाही. ज्यांचे असतील त्यांची इथे सगळ्यांसमोर माफी मागतो.

मग दुसऱ्यांदा कसं केलं ते सांगतो. तुमच्या घरी लग्नाचे, बारशाचे, सहलीचे हजारो फोटो असेच पडलेले असणार, तेव्हा उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, मूळ फोटोंना हात लावायचा नाही. सगळे दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करायचे आणि तो कपाटात ठेवायचा. काम कॉपीवर. दुसरी गोष्ट, मोजायचे. आधी किती, नंतर किती. आकडा जुळला नाही तर थांबायचं.

तिसरी गोष्ट, आणि माझी चूक इथेच झाली. फोल्डर मोडायच्या आधी त्याचं नाव आतल्या प्रत्येक फाइलच्या नावापुढे जोडायचं. जुनं नाव पुसायचं नाही, त्याच्या आधी जोडायचं. हाताने करायला दिवस जातील, म्हणून मायक्रोसॉफ्टचं 'पॉवरटॉइज' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या, त्यात 'पॉवररिनेम' आहे. त्यात डावीकडे जुनं नाव, उजवीकडे होणारं नवं नाव, दोन्ही आधी दिसतात. 'रेग्युलर एक्स्प्रेशन'वर टिक करून शोधायच्या चौकोनात सहाच्या आकड्यावरचं टोपीसारखं चिन्ह टाकायचं, म्हणजे 'नावाची सुरुवात', आणि खालच्या चौकोनात जे जोडायचं ते. आधी पाच फोटोंवर करून बघायचं, मग सगळ्यांवर. बाईंनी आपल्याला प्रयोगशाळेत हेच शिकवलं होतं, आधी थेंबभर, मग परीक्षानळी.

चौथी गोष्ट, नावात वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग, मग क्रमांक. वर्ष पुढे असलं की रांग आपोआप काळाप्रमाणे लागते. तारखेत तिरपी रेघ टाकू नका, विंडोज ती घेत नाही. आडवी छोटी रेघ टाका. आणि स्कॅन केलेल्या फोटोची तारीख कॉम्प्युटरला विचारू नका. तो स्कॅन केल्याची तारीख सांगेल. त्याच्या मते आपण सगळे मागच्या वर्षी हाफ पँटमध्ये होतो.

पाचवी गोष्ट, जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची यादी एक्सेलमध्ये ठेवा. उद्या चुकलं तर परतीची वाट राहते.

आणि मराठीत नावं देणार असाल तर एक खोडी लक्षात घ्या. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र कॉम्प्युटरवर दोन तऱ्हेने टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. म्हणून मी नावात 'दुसऱ्या रांगेत' न लिहिता 'रांग २' असं लिहिलं.

क्रमांकांवरून मात्र आमच्यात वाद झाला. सगळं लावून झालं आणि तेवढ्यात एका मैत्रिणीने पुण्याहून बारा फोटो पाठवले, मधल्याच सहलीचे. आता सगळे क्रमांक पुन्हा बदलायचे? तेव्हा मला ती सहलच आठवली. पहूर, फर्दापूर करत अजिंठ्याला. सर तेव्हा म्हणाले होते, लेण्यांचे क्रमांक जुन्या-नव्याचे नाहीत, एका टोकाकडून चालत गेल्यावर जी जशी लागतात तसे आहेत. पहिल्या क्रमांकाचं लेणं सगळ्यात जुनं नाही. नऊ आणि दहा त्याच्यापेक्षा कितीतरी जुनी. आणि पंधरा-सोळाच्या मधलं एक छोटं लेणं नंतर लक्षात आलं, तर पुढची सगळी लेणी नव्याने मोजत बसले नाहीत. त्याला १५अ म्हटलं. आम्हीही तेच केलं. म्हणून यादीत ०४७अ, ०४७आ असे फोटो दिसतील. ते पुण्याचे.

मैत्रिणींच्या नावांचाही प्रश्न होता. माहेरचं आडनाव लिहायचं की सासरचं? शेवटी शाळेतलं आधी, आत्ताचं नंतर, दोन्ही लिहिलं. कोणत्याही नावाने शोधलं तरी सापडावी.

इथपर्यंत कॉम्प्युटरची मदत झाली. पुढे नाही. फोटोला क्रमांक तो देतो, पण चेहऱ्याला नाव माणसालाच द्यावं लागतं. गणपतीत मी वर्गाचा मोठा फोटो छापून आपल्या सरांच्या घरी घेऊन गेलो. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. भिंग घेऊन सर पाऊण तास बसले. आम्हा चौघांना मिळून अठ्ठावीस नावं आली होती, सरांनी आणखी सात सांगितली, आणि दोन आमची चुकलेली दुरुस्त केली. हजेरीच्या क्रमाने सांगत होते, पुस्तकात बघितल्यासारखे.

मग त्यांनी कडेला उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवलं. खाकी कपडे, हातात घंटेचा टोल. आम्ही फाइलच्या नावात 'शिपाई मामा' लिहिलं होतं. सर म्हणाले, "मामांना नाव होतं रे." आणि पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. पाच वर्षं त्या माणसाने आपल्यासाठी घंटा वाजवली, पडलो तर टिंचर लावलं, फी नसली तर ऑफिसात आपली बाजू मांडली, आणि आपल्यापैकी एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. सरांनी सांगितलं नसतं तर ते कायमचं गेलं असतं. ते नाव आता फाइलवर आहे आणि या स्मरणिकेत फोटोखालीही छापलं आहे. पान उलटून एकदा वाचा.

त्या फोटोत अजून तीन चेहरे बिननावाचे आहेत. बाहेर, भरीत-पुरीच्या टेबलाच्या आधी, फोटो मोठा करून लावलाय. शेजारी पेन्सिल बांधली आहे. जेवायच्या आधी तिथे एक मिनिट थांबा. आठवलं तर लिहा, शंका असेल तर प्रश्नचिन्ह टाकून लिहा. प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नाही, पण कागदावर चालतं.

आणि घरी गेल्यावर आई-वडील असतील तर त्यांना अल्बम घेऊन बसवा. फोटो पुढून बघून झाला की मागूनही बघा. कोरा असेल तर विचारा आणि लिहा. फाइल नंतर करता येईल. विचारायला माणूस नंतर असेलच असं नाही.

एवढं बोलून थांबतो. माझ्या चुकीवर न रागावता अल्बम पुन्हा उघडणाऱ्या आपल्या मित्राच्या मुलीचे तुम्हा सर्वांच्या वतीने आभार मानतो. ती आज इथे आली आहे. तिच्या वडिलांचे त्रेचाळीस फोटो, दोन्ही बाजूंसकट, प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमध्ये पहिल्याच फोल्डरमध्ये आहेत.