रॉड मोडला कोणी? काकांनी, माशाने की मी?

कानात इअरफोन घालून बस, लोकल किंवा मेसच्या रांगेत हे ऐकत असाल तर आजचा विषय थोडा वेगळा आहे. फिशिंग रॉड. मासेमारीत रस नसला तरी थांबा, कारण ही मुळात एका चुकीच्या डिबगिंगची गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी काकांना एक कार्बनचा रॉड भेट दिला. काका दाभोळच्या खाडीत लहानपणापासून गरवायला जातात. चिव्याची काठी, टोकाला तंगूस बांधलेला, गळाला कोळंबी. बस्स. मी म्हटलं, काकांना काहीतरी भारी देऊ. ८ फुटी, हातात घेतला तर पिसासारखा हलका. काका जाम खूश.

दुसऱ्याच खेपेला धक्क्यावर दीडेक किलोची तांबोशी लागली. काकांनी तिला जवळ आणलं, सवयीप्रमाणे रॉड सरळ वर उचलला आणि 'टक्'! टोकापासून फूटभर खाली तुकडा. मासा गेला, रॉड गेला. दुकानदार म्हणाला, "वापरणाऱ्याची चूक, वॉरंटी नाही." काका मला एवढंच म्हणाले, "तुझी महागाची वस्तू माझ्या हातून मोडली रे." आणि त्यानंतर त्यांनी गरवायला जाणंच बंद केलं.

हे मला खूप लागलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही सिस्टिम पडली की 'युजरची चूक' म्हणून तिकीट बंद करत नाही. निदान करू नये! म्हणून मी वाचायला बसलो.

तर आधी बेसिक. रॉडवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, पॉवर आणि अ‍ॅक्शन. लोक या दोन्हींची गल्लत करतात, मीही केली होती. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट अ‍ॅक्शन रॉड फक्त वरच्या भागात वाकतो, मध्यम अ‍ॅक्शनचा अर्ध्यापर्यंत आणि स्लो अ‍ॅक्शनचा पार मुठीपर्यंत.

हे ठरतं कशावरून? मुख्यतः टेपरवरून, म्हणजे नळी मुठीकडून टोकाकडे किती पटकन बारीक होते त्यावरून. इथे एक गणित भन्नाट आहे. भरीव काठीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. व्यास दुप्पट केला की ताठपणा १६ पट! म्हणून टोकाला मिलिमीटरचा फरकही हाताला लगेच जाणवतो.

आता मटेरियल. जुन्या काळी उत्तम रॉड चीनच्या टोंकिन बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून षटकोनी बनवत. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीकडे सर्वांत दाट असतात, म्हणून साल बाहेर ठेवायची. वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्याच थरावर येतो ना! १९४० च्या दशकात फायबरग्लास आलं आणि १९७० च्या दशकात कार्बन, म्हणजे ज्याला दुकानात ग्राफाइट म्हणतात ते.

कार्बन तंतू काचेच्या तंतूपेक्षा साधारण तिप्पट ताठ आणि वजनाला हलका. त्यामुळे नळी बारीक ठेवता येते, टोक हलकं राहतं, फेकल्यावर रॉड पटकन सरळ होतो आणि माशाने आमिषाला नुसतं टोचलं तरी बोटाला कळतं. पण हे सगळं फुकट मिळत नाही. कार्बन तंतू दीड-दोन टक्के ताणला की तुटतो. काचेचा तंतू चार टक्क्यांच्या पुढेही जातो. म्हणजे कार्बन कमी वाकतो आणि तुटायच्या आधी फारशी सूचनाही देत नाही.

बनवतात कसा? रेझिन लावलेलं कार्बनचं कापड आकारात कापून निमुळत्या स्टीलच्या सळईवर घट्ट गुंडाळतात. वरून टेप ताणून बांधतात, भट्टीत भाजतात, मग सळई ओढून काढतात. राहते ती पोकळ नळी, तिला ब्लँक म्हणतात. आता शहाळ्याची स्ट्रॉ वाकवून बघा. मोडायच्या आधी ती चपटी होते, बरोबर? ब्लँकचंही तसंच. म्हणून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तंतूंबरोबर नळीभोवती आडवे जाणारे तंतूही लागतात. ते नळीला गोल ठेवतात. वजन वाचवायला हा थर पातळ केला की रॉड दुकानात मस्त वाटतो, पण धक्क्यावर नाजूक ठरतो. गाइडच्या रिंगांचंही तसंच. जास्त लावल्या तर ताण ब्लँकवर नीट वाटला जातो, पण टोक जड होऊन रॉड सुस्त होतो. प्रत्येक ठिकाणी तडजोड.

आता काकांच्या रॉडकडे येऊ. मोडलेल्या तुकड्यावर लिहिलं होतं, लाइन ८ ते १४ पाउंड. मी त्यावर ३० पाउंडांची ब्रेड लाइन भरून दिली होती! वर रीलचा ड्रॅग पूर्ण आवळलेला. म्हणजे माशाने झटका दिला की दोरा सुटायलाच तयार नाही, आणि ती दोरी रॉडच्या आधी तुटणारही नाही. फ्यूज काढून जागी जाड तार घालावी तसं.

त्यात वर उचलणं. पाण्यात मासा जवळजवळ वजनरहित असतो, बाहेर काढला की पूर्ण दीड किलो, वर फडफड. मासा पायाशी असताना रॉड उभा केला की मुठीकडचा जाड भाग कामच करत नाही. सगळा बाक टोकाच्या बारीक भागात गोळा होतो. आणि तो होता फास्ट अ‍ॅक्शन. मोडला तोही नेमका तिथेच.

चिव्याची काठी का नाही मोडली इतकी वर्षं? कारण चिवा जवळजवळ भरीव असतो, चपटा होत नाही. काकांची सवय चुकीची नव्हती, ती त्या काठीसाठी अगदी बरोबर होती. मी त्यांना वेगळं मशीन दिलं आणि ते कसं चालवायचं हे सांगितलंच नाही.

मी हे सगळं गावी जाऊन काकांना सांगितलं. कागदाची नळी करून मोडून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझा हात अजून बरा आहे तर."

आता त्यांच्याकडे फायबरग्लासचा मध्यम अ‍ॅक्शनचा रॉड आहे. जरा जड आहे, पण बराच खालपर्यंत वाकतो आणि चुका पोटात घालतो. लाइन रॉडवर लिहिलेल्या आकड्यात बसणारी, ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर. आणि मासा वर घ्यायला लांब दांड्याची जाळी. काका दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पुन्हा धक्क्यावर असतात.

तुम्ही रॉड घ्यायला गेलात तर किंमत आणि वजन नंतर बघा. आधी विचारा, कोणता मासा, कुठून पकडणार आणि पकडणाऱ्याचा हात कशाला सरावलेला आहे?