कचाची विद्या आणि भाषांतराचे यंत्र
(वार्षिक संमेलनात कोपरगाव येथे विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराप्रसंगी आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते खडूच्या धुळीत. तेव्हा आम्ही संगणकावर बोलू लागलो तर कित्येकांस हसू येईल. परंतु या विषयाची वाट फिरून व्याकरणाच्याच दारी येते, यास्तव हे धाडस.

आपल्या ज्ञातीतील एक कन्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. दिवाळीनंतर ती आमच्याकडे वही घेऊन आली. तिचा प्रश्न असा : "गुरुजी, 'घोडा' याचे 'घोड्याला' होते, मग 'राजा' याचे 'राज्याला' का होत नाही?" आम्ही म्हटले, "बाई, राज्याला म्हटलेस तर सत्ता राजाकडून निघून राज्याकडे गेली!" ती हसली, पण तिला नियम हवा होता. कारण ती हे यंत्रास शिकविणार होती, आणि यंत्रास विनोद कळत नाही.

तिचा संकल्प असा आहे. गुगल कंपनी सन २००५ पासून 'समर ऑफ कोड' नावाचा उपक्रम चालविते. नवशिक्या तरुणांनी उन्हाळ्यात एखाद्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करावे, आणि काम पसंत पडल्यास त्यांस विद्यावेतन मिळावे, अशी ती योजना. मुक्तस्रोत म्हणजे ज्याची घडण कोणीही पाहावी, सुधारावी आणि पुढे वाटावी असे सॉफ्टवेअर. या उपक्रमात सन २००९ पासून अनेक वर्षे 'अपर्टियम' या नावाची भाषांतराची प्रणाली सहभागी झाली आहे. ती स्पेन देशातील आलिकांते विद्यापीठात जन्मास आली. स्पॅनिश आणि कातालान या दोन बहिणी-बहिणी भाषांपासून तिचा आरंभ झाला. आपल्या कन्येस याच प्रणालीत मराठी-हिंदीचे काम करावयाचे आहे. अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास द्यावा लागतो, आणि कोणत्या आठवड्यात काय करणार हे त्यात आधीच लिहून द्यावे लागते.

यंत्राने भाषांतर करण्याची कल्पना मुळीच नवी नाही. सन १९५४ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर यंत्राकडून करवून दाखविले गेले. शब्द सुमारे अडीचशे, नियम अवघे सहा! लोकांस वाटले, आता थोड्याच वर्षांत दुभाष्यांची गरज संपेल. ती संपली नाही. सन १९६६ मध्ये अमेरिकेतील एका समितीने प्रतिकूल अहवाल दिला, आणि त्यानंतर तेथील पैशाचा ओघ आटला. आपल्या देशात कानपूरच्या आय.आय.टी.त विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांच्या परिश्रमातून 'अनुसारक' उभा राहिला. मराठीतून हिंदीत नेणारा अनुसारकही पुढे झाला, आणि ते कामही सर्वांस खुले ठेवण्यात आले. तेव्हा ही कन्या मळलेल्या वाटेनेच निघाली आहे.

आता यात अवघड ते काय? मराठी आणि हिंदी एकाच लिपीत लिहितात, शब्दही पुष्कळ समान. पण हे समान शब्दच घात करतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आणि आमच्या वर्गात शिक्षा म्हणजे काय, हे येथे बसलेल्या कित्येकांस आठवत असेल. मराठीस तीन लिंगे, हिंदीस दोन. आपले 'ते झाड' तिकडे पुल्लिंगी होते आणि 'ते पुस्तक' स्त्रीलिंगी, मग विशेषण-क्रियापदांनीही वेष पालटला पाहिजे. आपण 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद करतो. 'आम्ही जेवावयास जातो' आणि 'आपण जेवावयास जाऊ' यांत पाहुण्याच्या दृष्टीने केवढे अंतर! हिंदीत दोहोंस 'हम' एवढेच.

आणि सामान्यरूप! 'कापूस' याचे 'कापसाला', 'विहीर' हिचे 'विहिरीला', 'पाणी' याचे 'पाण्याला'. 'नदीकाठच्यांनासुद्धा' हा एक शब्द घ्या. गोदावरीला पूर आला म्हणजे आपल्या तोंडी तो सहज येतो. त्यात नदी आहे, काठ आहे, 'चा' प्रत्यय आहे, त्याचे अनेकवचन, त्यावर 'ना', त्यावर 'सुद्धा'. यंत्राने ही सारी गाठोडी सोडावयाची, शब्दकोशात मूळ शब्द शोधावयाचा, त्यास हिंदी प्रतिशब्द द्यावयाचा, आणि तिकडच्या रीतीने पुन्हा बांधावयाचे. 'करवत आण' आणि 'मला हे करवत नाही' यांतली करवत वेगवेगळी, हेही त्यास सांगावे लागते. आम्ही त्या मुलीस मोरो केशव दामले यांचे सन १९११ चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' पाहावयास सांगितले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रंथ संगणकाच्या विद्यार्थिनीने मांडीवर घेऊन बसावे, हे पाहून आम्हांस जो आनंद झाला तो सांगवत नाही.

कोणी म्हणेल, ही उठाठेव कशाला? गुगलचे भाषांतर सन २०१३ पासून मराठीत आहेच. चेन्नईच्या आय.आय.टी.तील 'एआय-फॉर-भारत' या संस्थेने सन २०२३ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांची खुली प्रणाली दिली. ती कोट्यवधी वाक्ये वाचून स्वतःच शिकते. हे सर्व खरे आहे, आणि मराठी-हिंदीपुरते अशा प्रणालींचे भाषांतर सरस ठरेल, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या बोलीत कोट्यवधी वाक्ये लिहिलेलीच नाहीत तिने काय करावे? आपल्या उत्तरेस खानदेशात अहिराणी आहे. तिच्यासाठी नियम आणि शब्दकोश हातानेच लिहावे लागतील, आणि ते लिहिण्याची विद्या कोणा तरी मुलाने आधी मराठीवर गिरवलेली असली पाहिजे. शिवाय नियमाने चालणारे यंत्र चुकले तर कोठे चुकले हे दाखविता येते. वाचून शिकलेले यंत्र चुकले तर ते का चुकले हे त्याच्या कर्त्यासही नेमके सांगता येत नाही. शिक्षकास पहिला विद्यार्थी अधिक रुचतो, हा आमचा पक्षपात समजा.

आता मुद्द्याचे. मुलीच्या वडिलांचे दुकान बेताचे. उन्हाळ्यात स्थळे पाहावयाची की बिनखात्रीचे हे काम करावयाचे, असा घरात प्रश्न आहे. निवड होईपर्यंत एक पैसा मिळत नाही, आणि तयारीस स्वतःचा लॅपटॉप लागतो. आम्ही आपल्या शिष्यवृत्ती निधीतून साहाय्य सुचविले, तेव्हा दोन आक्षेप आले. एक, निधी परीक्षेतील गुणांवर दिला जातो, आणि ही कन्या पहिल्या तिघांत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल : हे सॉफ्टवेअर जगास फुकट वाटले जाणार, मग ज्ञातीच्या पैशाचे ज्ञातीस काय फळ?

मंडळी, आपण कोपरगावात बसलो आहोत. पलीकडे बेटावर शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कच संजीवनी शिकावयास येथेच आला, असे आपण परंपरेने मानतो. देवयानीने त्यास शाप दिला की, ही विद्या तुला फळणार नाही. त्यावर कच काय म्हणाला? न फळो, मी जिला शिकवीन त्यास ती फळेल. आणि तो विद्या घेऊन गेला. त्या गावच्या मंडळींनी दुसरा आक्षेप घ्यावा, याचे आम्हांस थोडे नवल वाटले. पहिल्या आक्षेपाविषयी एवढेच की, सामान्यरूपाचा तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी आम्हांस उभ्या नोकरीत दुसरा भेटला नाही.

यास्तव आम्ही ठराव मांडतो : निधीच्या नियमांत एक कलम घालावे. जो विद्यार्थी अशा सार्वजनिक विद्याकार्याचा लेखी आराखडा देईल, त्यास गुणक्रम न पाहता, दोन जाणकारांच्या शिफारसीवरून, साहित्यासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी. विद्यावेतन मिळाल्यास त्याने ती परत करावी, न मिळाल्यास पहिल्या नोकरीनंतर. मुलीच्या वडिलांशी बोलण्याचे काम अध्यक्षमहाशयांनी स्वतः करावे, कारण आमचे त्यांनी एकदा ऐकून घेतले आहे आणि "बघू, गुरुजी" असे म्हटले आहे. अर्जाची मुदत पुढील बैठकीच्या आधी संपते. म्हणून ठराव आजच मतास टाकावा, आणि अनुमोदनासाठी कोणी उभे राहावे, ही विनंती.